हस्तिदंत खरा, की नुसता दाखवायचा?

अंगठ्याएवढ्या जपानी 'नेत्सुके' शिल्पांना जगभर चाहते आहेत आणि त्यांच्या नकलांनाही मोठा बाजार आहे. त्यातला हस्तिदंत कोणता, हाड कोणते आणि प्लास्टिक कोणते, हे ओळखायचे कसे? आणि ओळख पटल्यावर करायचे काय?

'हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे' ही म्हण आपण दुटप्पी वागण्याला लावतो. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. हत्ती चारा चावतो तो दाढांनी. बाहेर दिसणारे सुळे म्हणजे वरच्या जबड्यातील दोन पटाशीचे दात असून ते जन्मभर वाढत राहतात. या दाखवायच्या दातांपायीच हत्ती शतकानुशतके मारला गेला. या दातांची नक्कल करण्यासाठी माणसाने बैलाच्या हाडापासून रासायनिक राळेपर्यंत नाना पदार्थ हाताळले. ही नक्कल आणि तिची पारख यांचा सर्वात चुरशीचा खेळ जेथे रंगतो, ते क्षेत्र म्हणजे 'नेत्सुके' ही जपानी शिल्पकला.

नेत्सुके साधारणपणे दोन ते पाच सेंटिमीटरचे असते. मुठीत सहज मावणाऱ्या या तुकड्यावर कधी झोपलेला बैल, कधी शेपटी चघळणारा उंदीर, तर कधी दाढी कुरवाळणारा साधू कोरलेला असतो. पदार्थ चुकीचा ओळखला, तर ग्राहकाचे पैसे बुडतात एवढेच नाही. आज अनेक देशांत तो कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकतो. म्हणूनच ही पारख केवळ हौशी संग्राहकांचा विषय राहिलेली नाही.

खिसा नसलेल्या पोशाखाची गरज

नेत्सुकेचा जन्म शोभेसाठी झाला नाही. जपानी किमोनोला खिसे नसतात. पैशाची थैली, तंबाखूचा बटवा किंवा औषधांची 'इनरो' नावाची कप्प्याकप्प्यांची छोटी डबी पुरुष दोरीने कमरपट्ट्याला लटकवत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक अडसर लागे. हा अडसर म्हणजे नेत्सुके. दोरी कमरपट्ट्यामागून वर काढली, की नेत्सुके पट्ट्याच्या काठावर अडकून बसे आणि खाली डबी झुलत राही. दोरीवर सरकणारा 'ओजिमे' नावाचा मणी डबीचे तोंड घट्ट ठेवी.

इ. स. १६०३ ते १८६८ हा जपानचा एदो कालखंड. या काळात शहरांतला व्यापारी वर्ग संपन्न झाला, तंबाखूचा प्रसार झाला आणि साध्या अडसराचे रूपांतर मिरवण्याच्या वस्तूत झाले. ओसाकातील तलवारींच्या साजाचे व्यापारी इनाबा त्सूर्यू यांनी १७८१ मध्ये 'सोकेन किशो' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पन्नासहून अधिक नेत्सुके कारागिरांची नोंद आहे. क्योतोच्या तोमोतादा या कारागिराच्या बैलांना एवढी मागणी होती, की त्यांच्या नकला तेव्हाच होऊ लागल्या होत्या, हेही या ग्रंथावरून कळते. नकलेचा इतिहास असा अस्सल वस्तूच्या इतिहासाएवढाच जुना आहे.

१८६८ नंतरच्या मेइजी काळात जपानने पाश्चात्त्य पोशाख स्वीकारला. कोट आला, त्याबरोबर खिसे आले. बटव्यातल्या तंबाखूची जागा सिगारेटने घेतली. नेत्सुकेचे काम संपले. मात्र युरोप-अमेरिकेतील संग्राहकांना त्याचे वेड लागले. कारागीर निर्यातीसाठी कोरू लागले आणि केवळ मांडून ठेवायची 'ओकिमोनो' ही थोडी मोठी हस्तिदंती शिल्पे बाजारात आली. पॅरिस व व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबाच्या २६४ नेत्सुकेंची कहाणी सांगणारे एडमंड द वाल यांचे 'द हेअर विथ अँबर आइज' हे पुस्तक २०१० मध्ये आले, आणि या चिमुकल्या शिल्पांना नवा वाचकवर्ग मिळाला.

प्रत्येक नेत्सुके हस्तिदंती नसते

पारख सुरू करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. जपानमध्ये हत्ती नाहीत. हस्तिदंत तेथे चिनी व डच व्यापाऱ्यांमार्फत नागासाकी बंदरातून येई आणि तो महाग असे. शामिसेन या तंतुवाद्याची नखी कापून उरलेल्या त्रिकोणी तुकड्यांवरही नेत्सुके कोरली जात. त्यामुळे बहुसंख्य कारागिरांची भिस्त देशी सामग्रीवर होती. 'त्सुगे' नावाचे घट्ट पोताचे लाकूड त्यांत पहिले. हरणाचे शिंग, रानडुकराचा सुळा, देवमाशाचा दात, अक्रोड, बांबू, लाखकाम, असे अनेक पदार्थ वापरले गेले. इवामी प्रांतातील तोमिहारू हा कारागीर रानडुकराच्या सुळ्यावरील कोरीव कामासाठी प्रसिद्ध झाला. एदो शहरातील असाकुसा भागाच्या शैलीत हरणाच्या शिंगाला मान होता. 'इक्काकू' म्हणजे एकशिंगी या नावाने औषध म्हणून आयात होणाऱ्या नारव्हाल माशाच्या लांब दातावरही नेत्सुके कोरली गेली.

सारांश, लाकडाचे किंवा शिंगाचे नेत्सुके कमी प्रतीचे नसते. उत्तम कारागिराचे लाकडी नेत्सुके सामान्य हस्तिदंती नेत्सुकेपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे ठरते. खोटेपणा पदार्थात नसतो, त्या पदार्थाला दिलेल्या नावात असतो. हाडाला हाड म्हणून विकणे हा सचोटीचा व्यवहार. हाडाला हस्तिदंत म्हणून विकणे ही फसवणूक.

जाळीची साक्ष

हस्तिदंत ओळखण्याची सर्वात विश्वासार्ह खूण हत्तीच्या दाताच्या घडणीतच आहे. सुळ्याचा बहुतेक भाग डेंटिन या घटकाचा बनलेला असतो. त्यात अतिसूक्ष्म नलिका मध्यापासून बाहेरच्या दिशेने जातात. त्यांच्या विशिष्ट मांडणीमुळे सुळा आडवा कापला असता कापलेल्या पृष्ठावर दोन दिशांनी फिरणाऱ्या कमानी एकमेकींना छेदताना दिसतात आणि चौकटींची एक नाजूक जाळी तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ बर्नहार्ड श्रेगर यांनी १८०० मध्ये तिचे वर्णन केले. म्हणून या रेषांना 'श्रेगर रेषा' म्हणतात. ही जाळी हत्ती आणि त्याचे नामशेष झालेले सोंडवाले नातलग यांच्याच सुळ्यांत आढळते. हाडात ती नसते, देवमाशाच्या दातात नसते, आणि प्लास्टिकमध्येही ती आजवर हुबेहूब साधलेली नाही.

जाळी शोधायची कोठे, याचे तंत्र सोपे आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि वस्तू तिरप्या उजेडात हळूहळू फिरवावी. नेत्सुकेचा तळ, माथा किंवा जेथे कोरीव काम कमी आहे असा गुळगुळीत भाग आधी पाहावा. सुळ्याचा आडवा छेद ज्या बाजूला आला असेल, तेथे जाळी दिसते. मग वस्तू काटकोनात वळवावी. या बाजूला सुळ्याचा उभा छेद येतो, आणि तेथे जाळीऐवजी लाकडाच्या पोतासारख्या, किंचित लहरत जाणाऱ्या जवळपास समांतर रेषा दिसायला हव्यात. एका बाजूला जाळी आणि शेजारच्या बाजूला उभ्या रेषा, ही जोडी जुळली म्हणजे हस्तिदंताचा दावा बळकट होतो.

नक्कल नेमकी येथेच फसते. हस्तिदंती भास देण्यासाठी प्लास्टिकमध्ये फिक्या व गडद थरांचे समांतर पट्टे घातलेले असतात. पण ते फार सरळ आणि फार सारखे असतात. वस्तू कशीही वळवली तरी जाळी काही प्रकट होत नाही. मात्र याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. नेत्सुके फारच लहान असेल, त्यावर कोरीव काम दाट असेल किंवा रंग चढवलेला असेल, तर अस्सल हस्तिदंतातही जाळी दिसणे कठीण होते. जाळी दिसली तर तो भक्कम पुरावा. ती दिसली नाही, म्हणून वस्तू खोटी असे एकदम म्हणता येत नाही.

मॅमथचा पेच

श्रेगर रेषा हत्तीच्या सुळ्यात असतात, तशाच मॅमथच्या सुळ्यातही असतात. सैबेरियाच्या गोठलेल्या भूमीतून हजारो वर्षांपूर्वीच्या मॅमथचे सुळे आजही निघतात आणि त्यांवर नव्याने कोरीव काम होते. या दोहोंतला फरक रेषा ज्या कोनात छेदतात त्यावरून कळतो. सुळ्याच्या बाहेरील काठाजवळच्या रेषांचे कोन मोजून सरासरी काढली असता मॅमथमध्ये ती बहुधा ९० अंशांहून कमी भरते, तर आजच्या हत्तींमध्ये ११५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. अमेरिकी वन्यजीव खात्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील एडगार्ड एस्पिनोझा आणि मेरी-जॅक मान यांनी ही पद्धत रूढ केली आणि त्यांची ओळख-पुस्तिका जगभर सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती गेली.

अडचण अशी, की हे कोन सुळ्याच्या बाहेरील काठाजवळच मोजायचे असतात. गाभ्याकडे सरकावे तसतसे ते दोन्ही प्राण्यांत लहान होत जातात. नेत्सुके तर बरेचदा सुळ्याच्या आतल्या भागातून कापलेले असते. बाहेरचा काठ त्यात उरतच नाही. अशा वेळी लहान कोन दिसला म्हणून वस्तूला मॅमथची ठरवणे ही चूक होते. मॅमथच्या सुळ्यात जमिनीतील लोहाच्या संयुगामुळे निळसर-हिरवे किंवा तपकिरी डाग पडलेले असू शकतात. अतिनील प्रकाशात हे डाग मखमली जांभळे दिसतात. अशी खूण सापडली तर निर्णय सोपा होतो. एरवी तो प्रयोगशाळेवर सोपवणेच शहाणपणाचे.

हाड, इतर दात आणि एक बी

बाजारात हस्तिदंत म्हणून सर्वाधिक खपते ते हाड. हाड जिवंतपणी रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. या वाहिन्यांच्या बारीक नळ्या वाळलेल्या हाडातही राहतात आणि त्यांत मळ साचतो. भिंगातून पाहिले असता एका बाजूला काळपट ठिपके आणि दुसऱ्या बाजूला तुटक, बारीक रेघा दिसतात. अस्सल हस्तिदंताच्या गुळगुळीत अंगावर असे ठिपके नसतात. शिवाय बैलाच्या पायाचे हाड आतून पोकळ असते. म्हणून जाड, भरीव नेत्सुके हाडातून काढणे कठीण जाते. पोकळी बुजवण्यासाठी तळाशी बसवलेली चकती पुष्कळदा तीच चुगली करते. हरणाच्या शिंगाच्या गाभ्यातही स्पंजासारखा जाळीदार भाग असतो आणि कोठेतरी तो डोकावतोच.

इतर प्राण्यांचे दात ओळखणे थोडे अवघड असले, तरी प्रत्येकाची आपली रचना असते. वॉलरसच्या सुळ्याचा गाभा शिजलेल्या दलियासारखा गुठळ्या-गुठळ्यांचा, संगमरवरी दिसतो. देवमाशाच्या दातात एकात एक वर्तुळे असतात आणि बाहेरचा थर व आतला थर यांच्या सांध्यावर स्पष्ट कडे दिसते. पाणघोड्याच्या दातातील समकेंद्री रेषा अतिशय बारीक व दाट असतात. नारव्हालचा दात मध्ये पोकळ आणि बाहेरून पिळदार असतो. या कशातही श्रेगर रेषांची चौकट नसते.

वनस्पतिजन्य हस्तिदंताची गोष्ट निराळी. दक्षिण अमेरिकेतील ताग्वा नावाच्या माडवर्गीय झाडाची बी वाळल्यावर दगडासारखी कडक आणि दुधी पांढरी होते. ती कोंबडीच्या अंड्याएवढी असल्याने नेत्सुकेच्या आकाराला अगदी सोयीची पडते. तिच्या अंगावरही बारीक समकेंद्री रेषा असतात; अतिनील प्रकाशात ती हस्तिदंतासारखीच चमकते. ती वजनाने हलकी असते, आणि तळाशी किंवा मागे बीच्या तपकिरी सालीचा अंश राहून गेला असेल तर ओळख तत्काळ पटते.

बिलियर्डच्या चेंडूपासून राळेच्या साच्यापर्यंत

कृत्रिम हस्तिदंताच्या शोधामागेही हत्तींची टंचाईच होती. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. पुरवठा आटू लागल्यावर अमेरिकेत पर्यायी पदार्थासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. त्या प्रेरणेने जॉन वेस्ली हायट यांनी १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड विकसित केले. त्यात कापूर लागे, आणि तैवानचा कापूर हाताशी असलेला जपान पुढे सेल्युलॉइडचा मोठा उत्पादक झाला. दुधातील केसीनपासून बनवलेल्या प्लास्टिकचे एकस्व १८९९ मध्ये घेतले गेले. त्याचे 'गॅलालिथ' हे नाव 'दूध' आणि 'दगड' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले. आज मात्र नकली नेत्सुके मुख्यतः पॉलिएस्टर राळेत दगडाची किंवा हाडाची पूड मिसळून साच्यात ओतली जातात.

साच्याच्या खुणा शोधणे हेच येथे पारखीचे सूत्र. दोन भाग जुळल्याची पुसट शिवण वस्तूच्या कडेने धावते. खोलगट जागी हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकलेले असतात. केसांच्या किंवा वस्त्राच्या रेघा गोलसर, बोथट वाटतात. पात्याने कोरलेल्या रेघेचा तळ धारदार आणि स्वच्छ असतो. खोलगट भागात एकसारखा तपकिरी रंग भरलेला असतो, जणू सगळी वस्तू एकाच वेळी म्हातारी झाली. हुबेहूब तशीच, त्याच ठिकाणी तोच चरा असलेली दुसरी वस्तू बाजारात दिसली, तर शंकेला जागाच उरत नाही. संग्रहालयांच्या दुकानांत अशा प्रतिकृती उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. अडचण होते ती त्या दोन-तीन हातांतून फिरून 'आजोबांच्या संग्रहातील' म्हणून पुन्हा बाजारात आल्यावर.

वजनाचा अंदाजही उपयोगी पडतो. हस्तिदंताची घनता पाण्याच्या साधारण पावणेदोन ते दोन पट असते. सेल्युलॉइड, केसीन आणि ताग्वा यांची सुमारे १.३ ते १.४ पट. मात्र राळेत पूड मिसळून वजन हवे तेवढे वाढवता येत असल्याने केवळ जडपणावर विसंबता येत नाही. हाताला लागणारा गारवा ही खूणही अशीच अर्धवट आहे.

तापलेली सुई नको

जुन्या बाजारांत एक कसोटी फार सांगितली जाते: सुई तापवून वस्तूला टोचायची. हस्तिदंत असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, प्लास्टिक असेल तर सुई आत शिरते. ही कसोटी वर्ज्य समजावी. वस्तू अस्सल असेल तर तिच्यावर कायमचा डाग पडतो. ती सेल्युलॉइडची असेल तर पेट घेऊ शकते, कारण सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही आहे. हाडालाही जळल्यावर तसाच वास येत असल्याने मूळ प्रश्न सुटत नाही, तो नाहीच. आम्ल टाकून पाहणे, चाकूने खरवडणे, पाण्यात बुडवून ठेवणे या प्रकारांनीही हानीच होते. हस्तिदंत पाणी शोषतो, फुगतो आणि वाळताना तडकतो.

त्या मानाने अतिनील दिव्याची कसोटी निरुपद्रवी आहे. अंधाऱ्या खोलीत या प्रकाशात हस्तिदंत निळसर पांढरा उजळतो. बहुतेक प्लास्टिक मंद, गडद निळे राहते. जुन्या वस्तूवर चढलेल्या पिवळसर छटेमुळे उजाळा बदलतो. हाड आणि ताग्वाही उजळत असल्याने या कसोटीतून प्लास्टिक वेगळे काढता येते, एवढाच तिचा उपयोग. भिंग, अतिनील दिवा आणि वजन या तिन्हींची साक्ष एकत्र जुळवूनच निष्कर्ष काढावा लागतो.

हस्तिदंत खरा, नेत्सुके खोटे

पदार्थाची परीक्षा उत्तीर्ण झाली, की वस्तू अस्सल ठरली असे अनेकांना वाटते. येथेच सर्वात महागडी फसवणूक होते. विसाव्या शतकात पर्यटकांसाठी आणि निर्यातीसाठी खऱ्या हस्तिदंतावर हजारो नेत्सुके कोरली गेली. त्यांवर नामांकित जुन्या कारागिरांच्या सह्या कोरल्या गेल्या. चहाच्या पाण्याने किंवा पोटॅशियम परमँगनेटने त्यांना म्हातारपणही दिले गेले. हस्तिदंत शंभर टक्के खरा. जुनेपणा शंभर टक्के खोटा.

येथे भिंगापेक्षा नेत्सुकेच्या मूळ कामाचा विचार अधिक उपयोगी पडतो. जी वस्तू रोज कमरेला अडकवायची, ती आटोपशीर आणि गोलसर असायला हवी. किमोनोच्या रेशमात अडकेल असे टोक बाहेर आलेले नसावे. दोरी ओवण्यासाठी दोन भोके लागतात. जुन्या नेत्सुकेत पुष्कळदा एक भोक मोठे असते, कारण दोरीची गाठ त्यात दडवायची असते. ही भोके अशा जागी असतात, की नेत्सुके लटकवल्यावर त्याचा दर्शनी भाग पुढेच राहावा. वर्षानुवर्षे दोरी घासून भोकांच्या कडा मऊ होतात. अंगाला घासणारी पाठ आणि हात फिरवला जाणारा उंचवटा झिजतो, खोलगट भाग मात्र तसाच राहतो. झीज जेथे व्हायला हवी तेथेच झाली आहे का, हा प्रश्न विचारला की अनेक 'एदोकालीन' वस्तूंचे वय क्षणात शंभर-दीडशे वर्षांनी कमी होते.

नेमके वय हवे असेल तर विज्ञानाकडे एक अनपेक्षित साधन आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि त्या काळानंतर वाढलेल्या प्रत्येक सुळ्यात त्याची नोंद राहिली. हे मोजून हत्ती साधारण कधी मेला ते सांगता येते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. 'शंभर वर्षांपूर्वीचे' म्हणून विकले जाणारे नेत्सुके १९७० नंतर मेलेल्या हत्तीच्या दाताचे आहे, हे त्यामुळे सिद्ध होऊ शकते. मात्र त्यासाठी वस्तूचा कणभर अंश काढावा लागतो.

लबाडीची दिशा उलटली

पूर्वी हाड हस्तिदंताच्या नावाने विकले जाई. गेल्या काही दशकांत लबाडीने दिशा बदलली आहे. आता हस्तिदंत हाडाच्या नावाने विकला जातो. कारण कायद्यात आहे. वन्यजीव व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे 'साइट्स', १९७५ पासून अमलात आला आणि आशियाई हत्तीला त्यात सर्वोच्च संरक्षण मिळाले. आफ्रिकी हत्तीसाठी तसाच निर्णय १९८९ मध्ये होऊन १९९० पासून हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. त्यानंतर १९९९ आणि २००८ मध्ये आफ्रिकेतील काही देशांना साठ्यातील हस्तिदंत विकण्याची मुभा एकेकदा मिळाली. दोन्ही वेळी जपान खरेदीदारांत होता. अमेरिकेने २०१६ मध्ये जवळपास संपूर्ण बंदी आणली. चीनने २०१७ च्या अखेरीस आपला देशांतर्गत बाजार बंद केला. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ मध्ये अमलात आला. त्यानुसार १९१८ पूर्वीचे आणि कलात्मकदृष्ट्या असामान्य ठरलेले हस्तिदंती नेत्सुकेच प्रमाणपत्र घेऊन विकता येते. जपानमध्ये देशांतर्गत विक्री अटींसह अजून कायदेशीर आहे.

'ईबे' या लिलाव-संकेतस्थळाने २००९ पासून हस्तिदंताला मनाई केली. परिणामी विक्रेत्यांच्या जाहिरातींत 'बैलाचे हाड', 'मॅमथ' किंवा नुसते 'नैसर्गिक पदार्थ' असे शब्द दिसू लागले. ब्रिटनमधील केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी नेत्सुके तपासली. हाड म्हणून जाहिरात केलेल्या वस्तूंच्या छायाचित्रांतच श्रेगर रेषा स्पष्ट दिसत असल्याचे त्यांना आढळले. जी जाळी एके काळी अस्सलपणाची ग्वाही होती, तीच आज गुन्ह्याचा पुरावा ठरते आहे.

भारतातील वाचकांसाठी

मुंबईकरांचा जपानशी संबंध जुना आहे. जमशेटजी टाटा यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीची मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली. रतन टाटा व दोराब टाटा यांनी जमवलेल्या कलावस्तू, त्यांत चिनी-जपानी कलेचे नमुनेही, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. परदेशी गेलेल्या एखाद्या पूर्वजाने आणलेली छोटी कोरीव वस्तू अशा एखाद्या घराच्या कपाटात सापडणे अशक्य नाही.

अशा वेळी कायदा माहीत असणे आवश्यक आहे. भारतीय हत्तीच्या हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद झाला. व्यापाऱ्यांनी त्याला आव्हान दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळले. त्याच वर्षीच्या बलराम कुमावत खटल्यात मॅमथचा हस्तिदंतही या बंदीत येतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. म्हणजे 'हा हत्तीचा नाही, मॅमथचा आहे' ही पळवाट भारतात चालत नाही. या तरतुदींचा भंग केल्यास तीन ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे.

वारसाहक्काने आलेली हस्तिदंती वस्तू ९० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषित करावी लागते. मालकीचे प्रमाणपत्र असले तरी ती विकता येत नाही. परदेशातील दुकानात आवडलेले हस्तिदंती नेत्सुके विकत घेऊन मायदेशी आणणे तर सरळ संकटाला आमंत्रण. आवड असेल त्यांनी लाकडी नेत्सुकेकडे वळावे, किंवा लंडनचे ब्रिटिश म्युझियम, लॉस एंजेलिसचे कलासंग्रहालय आणि क्योतोतील सेइशू नेत्सुके संग्रहालय येथील संग्रह पाहावेत. जपानमध्ये आजही कारागीर लाकडावर नवी नेत्सुके कोरतात आणि त्यांच्या कलेत काडीचेही उणे जाणवत नाही.

'जिवंत हत्ती लाखाचा, मेलेला सव्वा लाखाचा' असे आपले पूर्वज म्हणत. हस्तिदंताच्या बाजाराने हा हिशेब शतकानुशतके खरा करून दाखवला आणि त्याची किंमत हत्तींनी मोजली. जगभरच्या कायद्यांची धडपड आज हा हिशेब उलटा फिरवण्यासाठी आहे. त्या धडपडीला भिंगातून दिसणाऱ्या एका नाजूक जाळीची मदत होते. ती जाळी ओळखणारे डोळे जितके वाढतील, तितका लबाडीचा बाजार आकसेल.